गच्चीची किल्ली

बाजारातल्या कॉम्प्लेक्सच्या गच्चीवर लिहायला बसले म्हटल्यावर तुम्ही म्हणाल, बाईंना आता विषय उरले नाहीत. तसं नाही हो. चौतीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. डांबर, स्लॅब, पत्रा हे काही माझे विषय नव्हते. पण माणूस निवृत्त झाला आणि त्याच्या नावावर बाजारात एक गाळा असला की नको नको ते शिकावं लागतं. साताऱ्यातला हा गाळा आमच्या ह्यांनी १९९७ मध्ये घेतला. आता ते नाहीत, गाळा आहे, आणि त्याच्या भाड्यातून माझा औषधपाण्याचा खर्च निघतो.

तर झालं असं की येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर पुन्हा तोच विषय आला आहे. गच्चीवर पत्र्याची शेड टाकणे. अंदाजे खर्च आठ लाख, गाळेधारक बावीस. माझा विरोध आहे. सभेत मला कोणी तीन मिनिटांच्या वर बोलू देत नाही (उभी राहिले की चेअरमन घड्याळाकडे बघतात), म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आमची इमारत तीन मजली. बांधली तेव्हा गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा होता, सगळीकडे असतो तसा. वीसेक वर्षांत त्याला भेगा पडल्या आणि तिसऱ्या मजल्यावर पावसाळ्यात बादल्या लागू लागल्या. मग २०१६च्या मे महिन्यात वर्गणी काढून आम्ही डांबरी शीट टाकून घेतली. खर्च आला दोन लाख चाळीस हजार. प्रत्येकाला जवळजवळ अकरा हजार. तेव्हा कोण कोण कुरकुरलं ते मला पाठ आहे, पण असो.

ठेकेदार तिला एपीपी शीट म्हणत होता. मी विचारलं, एपीपी म्हणजे काय? त्याला सांगता येईना, मग मीच शोधून वाचलं. साधं डांबर उन्हात पातळ होतं आणि जुनं झालं की तडकतं, हे आपण रस्त्यावर पाहतोच. म्हणून त्यात पॉलिमर मिसळतात. एपीपी हे प्लॅस्टिकच्या जातीचं, ते ऊन चांगलं सोसतं. दुसरं एसबीएस, ते रबराच्या जातीचं, ते थंडीतही लवचीक राहतं. शीटच्या पोटात पॉलिएस्टरचं कापड, दोन्ही अंगांनी हे सुधारलेलं डांबर, आणि आमच्या शीटला वरून करड्या दगडाची बारीक कणी. चार मिलिमीटर जाड, एक मीटर रुंद आणि दहा मीटर लांब अशी गुंडाळी येते. स्लॅब साफ आणि कोरडा करून त्यावर प्रायमर मारायचा, मग गॅसच्या टॉर्चने शीटचा तळ वितळेपर्यंत तापवायचा आणि गुंडाळी पुढे लोटत लोटत चिकटवत जायचं.

मी ते दोन दिवस छत्री घेऊन गच्चीवरच बसले होते. काम बघण्यासारखं होतं. घर शाकारताना वरचं कौल जसं खालच्या कौलावर येतं, तसंच इथेही. पाणी ज्या पाइपातून बाहेर जातं तिथून, म्हणजे सगळ्यात सखल जागेपासून, सुरुवात करायची आणि वरच्या अंगाची पट्टी खालच्या पट्टीवर चार इंच येईल अशी लावायची. टोकाला टोक जोडताना सहा इंच. कठड्याच्या कोपऱ्यात आधी सिमेंटचा गोल वाटा करून घेतला, म्हणजे शीट काटकोनात दुमडून चिरत नाही. तिथून ती कठड्यावर अर्धा फूट चढवली आणि तिचं टोक भिंतीतल्या खाचेत घालून बंद केलं. मिस्त्री शिकलेला नव्हता, पण हात स्वच्छ होता.

काम संपल्यावर ठेकेदाराने दहा वर्षांच्या गॅरंटीचा कागद दिला. त्या दिवशी बावीसच्या बावीस जणांनी गच्ची मनातून काढून टाकली. त्या कागदावर खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की इतर कोणी शीटला भोक पाडल्यास, त्यावर काही बसवल्यास किंवा फेरफार केल्यास गॅरंटी लागू नाही. एवढं मी वाचलं होतं. पण वाचणं वेगळं आणि लक्षात ठेवणं वेगळं, हे आयुष्यभर मुलांना सांगून मी स्वतःच विसरले.

२०२२च्या जुलैत तिसऱ्या मजल्यावर गळायला लागलं. तिथे एक ताई शिवणकाम करतात. नवरा वारल्यापासून फॉल-पिको आणि ब्लाउजवर दोन मुलांची शिक्षणं चालली आहेत. एका गिऱ्हाइकाची पैठणी फॉल लावायला आलेली होती. रात्रभर तिच्यावर थेंब थेंब पडला. नुसतं पाणी असतं तर वाळलं असतं. स्लॅबमधून झिरपून आलेलं ते पिवळट, गंजाचं पाणी. डाग काही गेला नाही. ताईंनी अठरा हजार रुपये हप्त्याहप्त्याने भरून दिले. कॉम्प्लेक्सने त्यांना काही दिलं नाही. ठेकेदार फोन उचलेना. आणि सभेत एक गृहस्थ म्हणाले, "त्यांनी मशीनची जागा बदलायला हवी होती."

भोक शोधायला चार दिवस गेले. ताईंच्या मशीनच्या बरोबर वर शीट धडधाकट होती. मिस्त्री म्हणाला, पाणी वर शिरतं एकीकडे आणि खाली निघतं भलतीकडे; शीटच्या खालून, स्लॅबच्या उतारावरून ते वाट शोधत जातं. शेवटी पावसाची उघडीप बघून त्याने शीटवर विटा आणि मातीची छोटी छोटी पाळ घातली, शेतात वाफे करतात तसे, आणि एकेका वाफ्यात पाणी साठवून खाली थेंब येतो का ते पाहिलं. तिसऱ्या वाफ्यात सापडलं. ताईंच्या मशीनपासून चांगलं पंधरा फूट दूर. एका एसीच्या आउटडोअरचा लोखंडी स्टँड होता, त्याचे चार पाय, आणि प्रत्येक पायाला शीट आणि कोबा भेदून स्लॅबमध्ये ठोकलेला बोल्ट.

तो एसी कोणाचा? माझ्या भाडेकरूचा. पहिल्या मजल्यावर माझ्या गाळ्यात तो क्लास चालवतो. २०१९ मध्ये त्याने विचारलं होतं, "बाई, पुढच्या भिंतीवर बोर्ड आहे, आउटडोअर गच्चीवर ठेवू का?" आणि मी म्हणाले होते, "ठेव की, गच्ची काय माझ्या एकटीची आहे?"

हे वाक्य मी नंतर पुष्कळदा आठवलं. पैठणीच्या पैशांतला निम्मा भाग मी ताईंना देऊ केला. त्यांनी दोन वेळा नको म्हटलं, तिसऱ्यांदा घेतला.

मग मी वर जाऊन सगळी गच्ची डोळ्यांखालून घातली. गुडघे दुखतात, पण गेले. काय काय दिसलं ते सांगते, कारण तुमच्याही इमारतीवर यातलं अर्धं नक्की असेल. एका कोपऱ्यात शीटवर थाळीएवढं काळं, वितळून सुरकुतलेलं वर्तुळ होतं. कोजागरीला एका ऑफिसच्या मंडळींनी शेगडी ठेवून दूध आटवलं होतं. मसाला दूध मीही प्यायले होते, तेव्हा तक्रार कोणत्या तोंडाने करणार? दिवाळीच्या भुईचक्राची दोन भाजलेली वळणं. कुठल्याशा निवडणुकीचा फ्लेक्स बांधायला कठड्याच्या आतल्या अंगाला, बरोबर शीट जिथे चढवली होती तिथेच, ठोकलेले खिळे. निवडणूक संपली, उमेदवार विसरले गेले, खिळे आहेत. टाकी धुणाऱ्याची शिडी नेहमी एकाच जागी टेकते, तिथे दोन खोल खळगे. उन्हाळ्यात दुपारी ही शीट इतकी मऊ होते की खुर्चीचा पायही रुतून बसतो. रंगाऱ्याने थिनरचा डबा सांडला होता तिथे डांबर विरघळून आतलं कापड दिसत होतं. तळमजल्याच्या फरसाणवाल्याचा धुराडा गच्चीवर येतो. त्याच्या तोंडाखाली तेलाचा ओघळ, आणि तिथली शीट बोटाने दाबली तर बोट आत जाईल अशी. डांबर आणि तेल एकाच कुळातले, एकमेकांत मिसळायला त्यांना वेळ लागत नाही.

पाण्याच्या पाइपाच्या तोंडाशी चहाचे कागदी कप, गुटख्याच्या पुड्या, पारव्यांची पिसं आणि त्या सगळ्याच्या खतावर उगवलेला टुमदार पिंपळ! पिंपळ उपटताना मन खातं, पण त्याची मुळं कठड्याच्या खाचेतून शीटच्या पाठीमागे शिरली होती. पाइप तुंबल्यामुळे तिथे चार बोटं पाणी साठून राहिलेलं. पाऊस थांबल्यावर दोन दिवसांत गच्ची कोरडी झाली नाही तर काहीतरी बिघडलं आहे असं समजावं, असं मिस्त्री म्हणाला. नंतर मी वाचलं, तिकडचे जाणकारही अठ्ठेचाळीस तासच धरतात.

दोन-तीन ठिकाणी शीट पोळीसारखी फुगलेली होती. खालचा ओलावा उन्हाने वाफ होऊन वर ढकलतो म्हणून असं होतं. लहान फुगा असेल तर त्याला हात न लावणं बरं, त्याने काही बिघडत नाही. पण कोणीतरी एक पायाने फोडला होता. का फोडला असेल? फुगा दिसला की फोडावासा वाटतो, दुसरं काय!

आणि सगळ्यात वाईट म्हणजे डागडुजी. मधल्या काळात कोणी कोणी आपापल्या परीने 'उपाय' करून ठेवले होते. चिरेवर सिमेंटचा लपका मारला होता. सिमेंट डांबराला धरत नाही. ते एका उन्हाळ्यात सुटून खडखड वाजू लागतं, आणि त्याच्या कडा पायाखाली शीटला आणखी कापतात.

म्हणून माझं मत असं झालं आहे की या शीटला पावसाने फारसं काही होत नाही. तिची घडणच पावसासाठी आहे. ऊन तिला हळूहळू म्हातारं करतं, तेवढं खरं. वरची कणी झडली की डांबर वाळतं, मगरीच्या पाठीसारख्या चिरा पडतात. म्हणून खरखरीत खराट्याने गच्ची झाडू नये, आणि पाइपाशी दगडाची कणी साठलेली दिसली तर शीट उघडी पडत चालली असं ओळखावं. पण हे म्हातारपण यायला पुष्कळ वर्षं लागतात. अकाली जाते ती माणसांच्या पायांनी, आणि तेही गच्चीच्या कामासाठी वर गेलेल्या माणसांच्या नव्हे. एसीवाला एसीसाठी जातो, केबलवाला केबलसाठी, रंगारी रंगासाठी. ज्याच्या त्याच्या दृष्टीने ती नुसती जमीन. गाळ्याच्या शटरला ओरखडा पडला तर मालक भांडायला धावतो. गच्ची बावीस जणांची, म्हणजे ओरखडा कोणाचाच नाही.

ऑक्टोबर २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. बोल्ट काढले, भोकं बुजवली, जागा घासून कोरडी केली, प्रायमर मारला आणि प्रत्येक बाजूने अर्धा फूट जास्त येईल एवढं शीटचं ठिगळ टॉर्चने चिकटवलं. ठिगळाचे कोपरे मिस्त्रीने कात्रीने गोल कापले. मी विचारलं तर म्हणाला, "टोकदार कोपरा आधी उचकटतो, बाई." माझ्या भाडेकरूचा एसी आता शेजारच्या उभ्या भिंतीवर ब्रॅकेटवर आहे. ज्या दोघांना जागाच नव्हती त्यांची युनिटं गच्चीवरच, पण बोल्ट न मारता सिमेंटच्या ठोकळ्यांवर ठेवली आहेत, ठोकळ्याखाली रबर आणि रबराखाली शीटचा आणखी एक तुकडा. दारापासून टाकीपर्यंत एक जादा पट्टी चिकटवून पायवाट केली. फरसाणवाल्याने धुराड्याखाली पत्र्याचा ट्रे लावला, आणि तो दर आठवड्याला पुसतो, असं तो म्हणतो. या सगळ्याला मिळून चौतीस हजार लागले.

आणि मी एक मागणी केली, जिच्यावरून अजून माझी चेष्टा होते. गच्चीला कुलूप, एक किल्ली आणि एक वही. जो वर जाईल त्याने नाव, काम आणि वेळ लिहायची. ड्रिल, शेगडी आणि फटाके वर न्यायचे नाहीत. चेअरमन म्हणाले, "बाई, ही काय शाळा आहे?" मी म्हटलं, शाळा असती तर एवढं गळलं नसतं. (हे तितकंसं खरं नाही. आमच्या शाळेचं छप्पर नववी 'ब'वर कायम गळायचं. पण वेळेला सुचलं ते बोलले.) वही सुरू झाली तेव्हा पहिल्या महिन्यात एकोणीस नोंदी झाल्या. एकोणीस माणसं महिन्याभरात आमच्या डोक्यावरून चालत होती आणि आम्हाला पत्ता नव्हता.

आता शेडकडे येते. शेडवाल्यांचं म्हणणं, एकदा आठ लाख खर्च केले की कायमचा प्रश्न मिटला. त्यांची एक गोष्ट मी मान्य करते: वर पत्रा आला तर शीटला ऊन लागत नाही आणि ती जास्त टिकते. पण ते शेडचे खांब कशावर उभे राहणार? मी ठेकेदाराला विचारलं. तो म्हणाला, "प्लेट ठेवून बोल्ट मारणार." किती खांब? चोवीस. एका खांबाला चार बोल्ट. म्हणजे ज्या चार भोकांनी पैठणी गेली, तशी शहाण्णव भोकं आम्ही पैसे देऊन पाडून घेणार. वर पत्रा आहे म्हणून त्यात पाणी जाणार नाही, असं त्याचं उत्तर. वळवाच्या पावसात आडवा मारा येतो तो कुठे जाणार? पत्र्याची पन्हळ तुंबली की तिचं पाणी कुठे पडणार? नगरपालिकेची परवानगी लागेल ती वेगळीच. आणि सावली झाली की वर सामान येणार. आधी रिकामी खोकी, मग मोडकी कपाटं, मग एखादा फर्निचरचा कारखाना. सावलीतली जागा आपल्या बाजारात रिकामी राहिलेली मी तरी पाहिली नाही.

मला खरा आक्षेप आहे तो 'कायमचा' या शब्दाला. २०१६ मध्येही आम्ही हाच शब्द ऐकला होता. आठ लाख एकदम द्यायला सभा तयार आहे, कारण ते दिले की वर बघायचं काम संपलं असं वाटतं. वर्षाला पाच-सहा हजार बाजूला काढून दोनदा मिस्त्रीला गच्ची दाखवायला मात्र चार सभा लागल्या.

कोणी म्हणेल, एका पैठणीसाठी केवढं हे! पण पाणी काही पैठणीपाशी थांबत नाही. ते स्लॅबमधल्या सळ्यांपर्यंत जातं. सळई गंजली की फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडते. तिसऱ्या मजल्याच्या जिन्यापाशी असा एक पोपडा पडलाच आहे. माझा भाचा कॅनडात ऑन्टारियोमध्ये असतो. त्याने मला तिथल्या एलियट लेक गावची हकिकत सांगितली. तिथला मॉल १९८० मध्ये सुरू झाला. त्याच्या छतावर मोटारी लावायची सोय होती आणि ते छत पहिल्यापासून गळत होतं. छताची रीत आमच्यापेक्षा वेगळी, डांबरी शीटची नव्हे. पण तीस वर्षं बादल्या, ठिगळं, हात बदलत गेलेले मालक, आणि नीट दुरुस्ती कोणीच केली नाही. त्या पाण्याने आणि बर्फावर टाकायच्या मिठाने लोखंडी सांगाड्याचा एक जोड गंजून गेला आणि २३ जून २०१२ रोजी छताचा भाग खाली आला. दोन बायका गेल्या. चौकशी आयोग बसला, २०१४ मध्ये अहवाल आला. गळतं हे तर त्या गावात सगळ्यांनाच माहीत होतं.

आम्ही वर्षातून दोनदा बघायचं ठरवलं होतं, मृगाच्या आधी आणि दसऱ्यानंतर. पण २०२५ साली मान्सून मुंबईत २६ मेलाच येऊन थडकला, आणि त्याच्या आधीपासूनच आमच्याकडे पाऊस सुरू झाला होता. मिस्त्रीला मेच्या शेवटच्या आठवड्यात बोलावलेलं, ते तसंच राहिलं. ओल्या शीटवर टॉर्चचं काम होत नाही. नशिबाने पाइप मी एप्रिलमध्येच साफ करून घेतला होता. आता पंचांगातलं मृग सोडून आम्ही अक्षय्य तृतीया धरली आहे. शिवाय मोठं वादळ झालं की लगेच एक चक्कर. जाणारा सकाळी लवकर, रबरी तळाच्या चपला घालून जातो.

किल्ली कोणाकडे ठेवायची यावरून पुष्कळ वाद झाला. चेअरमनना वाटत होतं त्यांच्याकडे असावी, सेक्रेटरींना वाटत होतं वॉचमनकडे. मी म्हटलं, तिसऱ्या मजल्यावर ताईंकडे ठेवा. पाणी आलं तर पहिलं त्यांच्या डोक्यावर येणार. तेव्हापासून किल्ली त्यांच्या शिवणयंत्राच्या वर खिळ्याला असते आणि वही कापडाच्या ठाणांशेजारी.

गेल्या आठवड्यात मी पोलक्याचं माप द्यायला तिथे बसले होते. इंटरनेटची वायर टाकायला एक मुलगा आला, पाठीवर भलीमोठी पिशवी. ताईंनी मशीन थांबवलं.

"पिशवीत ड्रिल आहे का रे?"

"आहे की काकू. क्लिपा मारायला लागतात."

"ड्रिल इथे ठेव, वहीत नाव लिही, आणि मग जा. वायर कठड्याच्या बाहेरच्या अंगाने ने."

त्याने माझ्याकडे बघितलं, मी वहीकडे बघितलं. मुलाने ड्रिल काढून ताईंच्या टेबलावर ठेवलं आणि पेन मागितलं.